जळक्या कडांचं आमंत्रण

आमच्या घरात तळमजल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई राहतात, वरच्या मजल्यावर मी, आणि मधल्या जिन्यात त्यांची खोकी. दमयंतीवहिनींनी गेल्या कित्येक वर्षांत एकही रिकामं खोकं घराबाहेर जाऊ दिलेलं नाही. फ्रीजचं खोकं म्हणजे राजवाडा, हापूसच्या पुठ्ठ्याच्या पेट्या म्हणजे आगगाडीचे डबे, अंड्यांचे ट्रे म्हणजे मगरीची पाठ. मी जन्मभर कोर्टात कारकुनी केली. तिथे मुद्देमालाच्या खोलीतसुद्धा एवढी अडगळ नव्हती. घरातल्या दोन्ही पुरुषांनी या सामानापुढे केव्हाच हात टेकलेत आणि ते गच्चीत बसून पेपर वाचतात.

वहिनी लोकांच्या मुलांचे वाढदिवस करतात. पूर्वी त्या रुखवतं करायच्या. मुलीच्या लग्नात टेबलावर मांडायचं ते सगळं, साखरेचं तुळशीवृंदावन, खारकांची बैलगाडी, सुपारीचे भटजी. रत्नागिरीतल्या निम्म्या सुना वहिनींची बैलगाडी घेऊन सासरी गेल्या आहेत. मग लग्नं हॉलमध्ये गेली, रुखवताच्या जागी फोटो काढायची चौकट आली आणि वहिनींच्या हातांना खाज सुटली. एका नातेवाइकाच्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी उरलेलं वृंदावन गुलाबी रंगवलं आणि परीचा किल्ला म्हणून नेलं. पुढच्या महिन्यात सुपारीच्या भटजींना चंदेरी कागद गुंडाळून अंतराळवीर केलं. भटजींनी तक्रार केली नाही, आणि वहिनींचं पक्कं झालं.

तेव्हापासून 'थीम' हा शब्द आमच्या घरात देवाच्या नावासारखा घेतला जातो. विकतचं काही लावायचं नाही. आमंत्रणं हातानं करायची, आणि त्यांतसुद्धा थीम हवी. अंतराळाच्या वाढदिवसाला त्यांनी बटाटेवड्यांना उल्का म्हणायला लावलं होतं. एका आजोबांनी चुकून "अजून एक वडा द्या" म्हटलं, तर वहिनींनी ऐकूच आलं नाही असं दाखवलं. "थीम म्हणजे थीम, रसिका," असं त्या मला रोज एकदा तरी सांगतात. मी निवृत्त आहे, कात्री धरता येते, आणि नाही म्हणण्याची माझी हिंमत नाही. त्यामुळे माझी नेमणूक आपोआप झाली.

हर्षदचं घर भाट्याच्या पुलापलीकडच्या एका वाडीत आहे. त्या वाडीत घरटी एक तरी माणूस जहाजावर असतो. हर्षदचा बाबा सुजयही तसाच, सहा-सहा महिने समुद्रावर. आई योगिनी पुण्याकडची. मुलगी चांगली, पण वाडीच्या रीतींना नवी. सुजयने वाडीच्या टोकाला नवं घर बांधलं, भोवती जांभ्या दगडाचा गडगा घातला, मोठं गेट लावलं, आणि बायकोला त्या गेटाच्या आत ठेवून तो जहाजावर गेला. गेट बंद दिसलं की वाडी आत येत नाही, आणि वाडी आत आली नाही की योगिनी बाहेर जात नाही. असं दोन वर्षं चाललं होतं.

गेल्या वर्षी हर्षदच्या पाचव्या वाढदिवसाला वहिनींनी जंगल केलं होतं. खिडक्यांना वेली, दारात पुठ्ठ्याचा हत्ती. योगिनीने वाडीतल्या सगळ्या आयांना मोबाइलवर निरोप पाठवला, सोबत नाचणारं माकड. निरोप सगळ्यांनी वाचला. आलं कोणी नाही. आमच्या वाडीवस्त्यांत ओटीवर येऊन, टेकून, पाणी पिऊन, तोंडानं बोलवायची रीत आहे. फोनवर बोलावलं तर ते बोलावणं नव्हे, ती नुसती बातमी. हर्षद सिंहाची आयाळ घालून गडग्यावर बसला होता. अंधार पडायला लागला तेव्हा आईने त्याला उचलून आत आणलं.

वेली आम्हीच लावल्या होत्या, आम्हीच काढल्या. हर्षद खाली बसून चिकटपट्ट्या सोलत होता. त्याने वहिनींना विचारलं, "थीमआजी, पानं कमी हिरवी झाली म्हणून कोणी आलं नाही काय?"

वहिनींच्या पानांना नावं ठेवणाऱ्याची एरवी काय गत होते ते मी बघितलेलं आहे. एका बाईंनी हत्तीचा कान लहान आहे म्हटलं, तर वहिनी अर्धा हत्ती काढून घरी घेऊन आल्या होत्या. पण त्या दिवशी त्या म्हणाल्या, "हो रे बाळा, रंग जरा चुकलाच. पुढच्या वर्षी बघ, अख्खी वाडी आणते."

मग स्कूटरवर पूल संपेपर्यंत त्या वाडीला शिव्या देत होत्या. मी मागे बसून ऐकत होते, आणि मलाही रडायला येत होतं.

यंदा हर्षदने समुद्री चाचे मागितले. बाबा जहाजावर, म्हणून. योगिनीच्या अंगावर काटाच आला. "काकू, ज्यांच्या भीतीने हे तिकडे जहाजाच्या कठड्याला काटेरी तारा बांधतात, त्यांनाच मी घरी केक भरवायचा?" ती म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "पोराला हवंय." विषय संपला.

आमंत्रणांवर वहिनींनी जीव ओतला. कागद चहाच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळवले. सगळ्या कडा अगरबत्तीने जाळल्या. खजिन्याचा जुना नकाशा दिसायला हवा ना. आठवडाभर आमच्या घराला मोगऱ्याचा आणि आगीचा वास येत होता. मग प्रत्येक कार्डाचा एक कोपरा हातानं फाडला, कात्रीने नाही, आणि एकाचा कोपरा दुसऱ्यासारखा फाटता कामा नये म्हणून माझ्यावर दोनदा ओरडल्या. मधोमध काळ्या शाईने कवटी आणि दोन हाडं. मजकूर योगिनीने इंग्रजीत दिला होता. कॅप्टन एच खजिन्याच्या शोधाला निघतोय, रविवारी जहाजावर या. खाली मोठ्या अक्षरांत सुजयचं नाव, म्हणजे घर कोणतं ते कळावं. वाढदिवस हा शब्द कुठेच नव्हता. मी तसं म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "चाचे कधी वाढदिवस म्हणतात काय? मुलं ओळखतील."

"वहिनी, कार्ड द्या, पण तोंडानंही सांगून येऊ या," मी म्हटलं. "ओटीवर दोन मिनिटं बसू."

"खजिन्याचं पत्र गुपचूप मिळतं. ओटीवर बसून चहा पीत दिलं तर ते बारशाचं बोलावणं होईल. थीम म्हणजे थीम."

गुरुवारी सकाळी आम्ही वाडीत गेलो. मुलं शाळेत, बायका बाजाराला नाहीतर बागेत. वहिनींनी हेल्मेटही न काढता घराघराच्या कडीत एकेक कार्ड खोचलं आणि मी स्कूटर सुरू ठेवून बसले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ आरोपी पाहिले, पण इतक्या उत्साहाने गुन्हा करणारं कोणी पाहिलं नव्हतं. मग आम्ही योगिनीकडे शिडाची चादर टांगायला गेलो.

तेवढ्यात वाडीत काय झालं ते आम्हाला नंतर कळलं, पण इथेच सांगते. पहिलं कार्ड धोंडूआजोबांच्या हाती लागलं. आजोबा जुने खलाशी. इंग्रजी येतं ते जहाजांची नावं वाचण्यापुरतं. आणि आमच्याकडे पूर्वी मयताचं पत्र यायचं ते कोपरा फाडून. पाकीट हातात घेतलं, कोपरा नाही दिसला, की वाचायच्या आधीच घरात रडं सुरू व्हायचं. आता पत्रंच येत नाहीत. पण त्या पिढीची बोटं तो कोपरा विसरलेली नाहीत. वहिनींनी स्वतः तसली पत्रं घेतली आहेत, मीही घेतली आहेत. आम्हा दोघींना तेव्हा फक्त नकाशा दिसत होता.

आजोबांनी कोपरा बघितला, जळलेल्या कडा बघितल्या, कवटी बघितली आणि एकेक अक्षर लावत सुजयचं नाव वाचलं. खाली रविवारची तारीख होती. ती त्यांनी सुजयचा देह घरी आणण्याची धरली. मग त्यांनी कार्ड फाडून परसात टाकलं, कारण तसलं पत्र घरात ठेवत नाहीत, आणि बायकोला, कमळाआजीला, हाक मारली. शेजारच्या घरांनीही आजोबांचं ऐकून आपापली कार्डं न वाचताच फाडून टाकली. योगिनीला फोन करून खात्री कोणी केली नाही. असं विचारायचं तरी कसं?

इकडे योगिनी स्टुलावर चढून शिडाची दोरी बांधत होती. मी खिडकीतून बघते तर गेट उघडं, आणि वाडीतल्या बायका एकामागून एक आत येतायत. हाक नाही, गप्पा नाहीत. साड्या साध्या, केसांत फूल नाही. कमळाआजी पुढे, हातात फडक्याने झाकलेलं पातेलं.

"काकू, आल्या!" योगिनी स्टुलावरून म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता. "पण आज कशा?"

मग तिला त्यांचे चेहरे दिसले. ती खाली उतरेपर्यंत कमळाआजीने पातेलं टेबलावर ठेवलं, पुढे होऊन तिला छातीशी धरलं आणि म्हणाली, "रड गो बाय, रड. मनात ठेवू नुको."

सोमवारपासून सुजयचा फोन नव्हता. जहाजावर असं होतं, आणि योगिनी रोज स्वतःला तेच सांगत होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि आपल्याला जे कळलं नाही ते वाडीला कळलंय असं तिने धरलं. मग ती जी रडली, ते ऐकून बाहेर अंगणात, खळ्यात उभे असलेले वाडीतले पुरुष पाठमोरे झाले.

मी कोर्टातली. पुरावा बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी बाहेर जाऊन धोंडूआजोबांना विचारलं, "कळलं कसं तुम्हाला?"

"पत्र आलं."

"कुठाय?"

"ता काय घरात ठेवतंत काय?" आजोबा रागावून म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

पत्र म्हणजे जहाजाच्या कंपनीचं, असं धरून मीही मान खाली घातली. आत येऊन वहिनींच्या कानात सांगितलं. त्या स्टुलावर चढल्या आणि शिडाची गाठ सोडायला लागल्या. त्यांना गाठ दिसत नव्हती. टेबलावरच्या पातेल्यात पिठलं-भात होता. ज्या घरात चूल पेटायची नसते तिथे शेजाऱ्यांनी द्यायचा तो कडू घास. गेल्या वर्षी ज्या वाडीला केक खायला चार पावलं चालवलं नव्हतं, ती त्या दिवशी स्वतःच्या घरचं जेवण घेऊन, कोणी न बोलावता आली होती. मला त्यांचा राग यावा की त्यांच्या पाया पडावं ते कळेना.

तेवढ्यात शाळेची रिक्षा आली.

हर्षदने दारात चपलांचा ढीग बघितला. दप्तर तिथेच टाकलं. आत आला, भरलेलं घर बघितलं, आणि किंचाळला, "आल्या! थीमआजी, सगळ्या आल्या!"

तो कोपऱ्यातल्या खोक्याकडे धावला, वहिनींनी केलेल्या काळ्या कागदी टोप्या काढल्या आणि एकेकीच्या डोक्यावर घालत सुटला. कवटी पुढे यायला हवी म्हणून सरळ करत होता. बापाविना झालेल्या पोराला नाही कोण म्हणणार? बायका टोपी घालून घेत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. कमळाआजीची टोपी तिच्या अंबाड्यामुळे बसेना. ती मान वाकवून म्हणाली, "दाब वाईच, पोरा."

मग तो बाहेर गेला, धोंडूआजोबांनाही टोपी घालून आला. आला तो ताट घेऊन पातेल्याशी बसला, कारण त्याला भूक लागली होती आणि आज पार्टी होती. पिठलं-भाताचा घास घेत त्याने सगळ्यांना विचारलं, "तुम्हाला कार्ड मिळालं ना? माझं?" आणि खिडकीतलं उरलेलं कार्ड उचलून दाखवलं.

दारातून धोंडूआजोबा म्हणाले, "हांच ता. हांच पत्र."

वहिनी स्टुलावरून उतरल्या. कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे बघून इतक्या हळू म्हणाल्या की फक्त मला ऐकू यावं, "रसिका, कोपरा."

सांगायचं काम माझ्यावर आलं. मी आयुष्यात पुष्कळ निकाल मोठ्याने वाचलेले ऐकले, पण इतका अवघड कुठलाच नव्हता. पत्र आमचंच, कंपनीचं नाही. सुजयला काही झालेलं नाही. निदान आम्हाला तसं काही कळलेलं नाही. या शेवटच्या वाक्याने घोटाळा आणखी वाढला. योगिनी सुजयला फोन लावायला लागली आणि तो लागेना. कोणाला हसायचं सुचेना, आणि कोणी उठेनाही. आता जायला हरकत नव्हती, चूक कळली होती. पण कमळाआजी योगिनीचा हात धरून बसून राहिली, आणि ती बसली म्हणून सगळ्या बसल्या.

शेवटी फोन तिकडूनच आला. सुजयच होता, व्हिडिओवर. त्याला त्याच्या घराच्या हॉलमध्ये वाडीतल्या सगळ्या बायका काळ्या टोप्यांवर कवट्या लावून रडताना दिसल्या. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाला, "अरे, आज केलात काय वाढदिवस? मला तर रविवार सांगितला होता. कमळाकाकू, तू पण?"

कमळाआजीने टोपी तशीच ठेवून त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक सुजयची नव्हती, पण मेला नाही म्हणून कोणाला तरी शिव्या द्यायला हव्या होत्या. मग तिची नजर वहिनींवर आली. "मेल्ये दमयंते, जळली ती तुझी थीम! जिवंत माणसाची कार्या करतंस काय?" बोलता बोलता तिला पातेलं आठवलं. तिने हर्षदच्या पुढचं ताट ओढून घेतलं, तोंडातला घास थुंकायला लावला आणि पिठलं-भात गडग्यापलीकडे नेऊन ओतला. परत आली ती थेट स्वयंपाकघरात. विचारलं नाही, सवरलं नाही, गॅस पेटवला आणि रवा कुठे आहे म्हणून योगिनीवर खेकसली. ज्या घरात दोन वर्षांत तिने पाऊल टाकलं नव्हतं, तिथे तिने शिरा केला आणि सगळ्यांना वाढला.

निघताना तिने योगिनीला दारात उभं केलं. "आता बोलाव. तोंडानं बोलाव."

योगिनीने कुंकवाचा करंडा आणला. एकेकीला कुंकू लावलं, नाव घेऊन म्हटलं, रविवारी हर्षदचा वाढदिवस आहे, या. तिचे डोळे सुजलेले होते आणि ती हसत होती. दुःखाच्या घरातून निघताना आमच्याकडे कोणी 'येते' म्हणत नाही, नुसतं उठून चालायला लागायचं असतं. कमळाआजी गेटापर्यंत गेली, वळली आणि वाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, "येते गो!"

घरी येताना वहिनी पूल संपेपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी अगरबत्तीचा पुडा माझ्या देवघरात आणून ठेवला. म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहू दे."

रविवारी अख्खी वाडी आली. आंबोळ्या आल्या, नारळाच्या वड्या आल्या, पेढ्यांचे डबे आले. धोंडूआजोबांनी जहाजावर खऱ्या गाठी कशा मारतात ते मुलांना शिकवलं, आणि शिडाची आमची गाठ बघून तोंड वाकडं केलं. मुलांनी खजिना शोधला, परस उकरलं. योगिनीच्या नवऱ्याने घातलेला गडगा एका जागी ढासळला, तो अजून तसाच आहे, मुलं तिथूनच आत येतात. वहिनी शिडाच्या दोरीला धरून उभ्या होत्या आणि सगळ्यांकडे अशा बघत होत्या की जणू ही माणसंही त्यांनीच पुठ्ठ्याची कापून आणली आहेत. शब्द दिला होता, तो पाळला होता. कसा पाळला त्याची चौकशी करायची वेळ नव्हती.

अंधार पडल्यावर आम्ही चिकटपट्ट्या काढायला बसलो. हर्षद टोपी घालूनच आमच्यात येऊन बसला. एक पट्टी सोलली, दुसरी सोलली. काहीतरी मनात होतं त्याच्या.

"थीमआजी," तो म्हणाला, "आज कोणीच रडलं नाही. आईला कोणी धरलंपण नाही. त्या दिवशीचा वाढदिवस जास्त चांगला झाला होता ना?"

वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "हो रे बाळा, आज जरा चुकलंच. पुढच्या वर्षी बघू."